पन्नास पैशांची पिशवी

आमच्या घरी दुधाची रिकामी पिशवी कधी कचऱ्यात गेली नाही. आई ती विसळायची, कात्रीने उभी चिरायची आणि ओट्यामागच्या फरशीवर थापायची. ओली पिशवी फरशीला आपसूक चिकटते आणि वाळली की आपसूक गळून पडते. महिन्याचा गठ्ठा रबर लावून भंगारवाल्याकडे जायचा. त्या पैशात फार तर कोथिंबिरीची जुडी यायची, तरी हा उद्योग वर्षानुवर्षं चालला. म्हणूनच २०१८ साली राज्य सरकारने दुधाच्या प्रत्येक रिकाम्या पिशवीमागे किमान ५० पैसे परत देण्याचा नियम केला, तेव्हा घरातली पहिली प्रतिक्रिया होती, "चला, आईला पगारवाढ मिळाली."

ती पगारवाढ अजून हाती पडलेली नाही. प्लास्टिकबंदीचा विषय निघाला की आपण कॅरीबॅग, थर्माकोलची मखरं आणि दंडाच्या पावत्या यांवर बोलतो. मला त्या सगळ्यापेक्षा या पिशवीचं प्रकरण जास्त बोलकं वाटतं. कारण पिशवीवर बंदी आलीच नव्हती. वापरा, पण परत आणा, इतकीच मागणी होती. ती इतकी साधी असूनही का फसली, ते इथे मांडतो आहे.

नियमाची जन्मकथा

महाराष्ट्रात प्लास्टिकविरोधी कायद्याची मुळं २६ जुलै २००५ च्या पावसात आहेत. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईची गटारं, नाले प्लास्टिकने कसे तुंबले होते ते सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर २००६ मध्ये अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा राज्याचा कायदा आला आणि ५० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ पिशव्यांवर बंदी आली. कागदावर. बाजारात भाजीवाल्याकडची पातळ पिशवी तशीच राहिली, आणि मायक्रॉन मोजायचं यंत्र ना भाजीवाल्याकडे होतं, ना गिऱ्हाइकाकडे.

याच कायद्याचा आधार घेऊन २०१८ च्या गुढीपाडव्याला, म्हणजे १८ मार्चला, नव्या बंदीची घोषणा झाली आणि २३ मार्चला अधिसूचना निघाली. तेव्हा देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री आणि रामदास कदम पर्यावरणमंत्री होते. जाडी कितीही असो, हँडलच्या आणि बिनहँडलच्या पिशव्या, थर्माकोल आणि प्लास्टिकची ताटं, वाट्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, इतकंच काय, कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्याही बंद झाल्या. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिने कैद. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, स्थगिती मिळाली नाही, आणि साठा संपवायची मुदत देऊन २३ जूनपासून प्रत्यक्ष दंड सुरू झाला.

दूध मात्र वगळलं गेलं. वगळावंच लागणार होतं. सकाळच्या चहाला हात लावणं कोणत्याच सरकारला परवडत नाही. पण सवलतीला अट होती. पिशवी ५० मायक्रॉनपेक्षा जाड हवी, अन्नासाठी योग्य अशा कोऱ्या प्लास्टिकची हवी, तिच्यावर पुनर्खरेदीची किंमत छापलेली हवी, ती ५० पैशांपेक्षा कमी नसावी, आणि रिकाम्या पिशव्या परत घेण्याची व्यवस्था उत्पादक आणि विक्रेत्यांनी उभी करावी. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांनाही असाच एक-दोन रुपयांचा नियम लावला होता.

सगळ्यात सोपी पिशवी

प्लास्टिकच्या कचऱ्यात परत गोळा करायला दुधाच्या पिशवीइतकी सोपी दुसरी वस्तू नाही. तिची फिल्म पॉलिइथिलिनचीच, थर एकापेक्षा जास्त असले तरी सगळे त्याच जातीचे. वेफर्सच्या पाकिटासारखं त्यात ॲल्युमिनिअमचा मुलामा, पॉलिएस्टर, चिकटद्रव्य असं कडबोळं नसतं. म्हणून ती वितळवून तिच्यापासून पाइप, काळी ताडपत्री, कचऱ्याच्या पिशव्या असं बरंच काही होतं. पुन्हा दुधाची पिशवी मात्र होत नाही, कारण अन्नासाठी कोरा माल लागतो.

दुसरी सोय त्याहून मोठी. दूध रोज येतं, बहुतेक घरी त्याच माणसाकडून, त्याच वेळी. बिस्किटाचा पुडा कुठे घेतला आणि कुठे खाल्ला याचा माग कुणाला लागणार? दुधाची पिशवी पहाटे दाराच्या कडीला लटकते आणि त्याच घरात रिकामी होते. परत करायची तर उद्या सकाळी तोच माणूस पुन्हा दाराशी येणारच आहे.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे कॅरेट. दुधाची प्लास्टिकची कॅरेटं टेम्पोतून भरलेली येतात आणि रिकामी परत जातात. डेअरीपासून विक्रेत्यापर्यंत त्यांचा हिशोब असतो. कमी भरलं तर पैसे कापले जातात. म्हणजे परतीची गाडी आहे, परतीची सवय आहे, मोजदादही आहे. इतकं जुळून आलेलं असताना ही योजना फसली, म्हणजे चूक नेमकी कुठे झाली हे शोधण्यासारखं आहे.

५० पैसे कुणासाठी?

विधानसभेत जून २०१९ मध्ये पर्यावरणमंत्र्यांनी सांगितलं की राज्यात रोज सुमारे एक कोटी दुधाच्या पिशव्या टाकल्या जातात आणि त्यांचा ३१ टन कचरा होतो. भागाकार केला तर पिशवीमागे ३.१ ग्रॅम येतात. अर्ध्या लिटरची पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर आकडा साधारण तिथेच जातो, तेव्हा हिशोब करायला तो धरायला हरकत नाही.

रोज अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या घेणारं कुटुंब धरा. महिन्याला ६० पिशव्या, वजन १८६ ग्रॅम. भंगाराचा भाव गावोगावी आणि महिन्यागणिक बदलतो. समजा किलोला ३० रुपये. तर महिनाभर विसळून-वाळवून हाती येणार साडेपाच रुपये. पिशवीमागे नऊ-सव्वानऊ पैसे. सरकारी ५० पैशांनी तेच ३० रुपये होतात. वाढ पाचपट, पण महिन्याला ३० रुपयांसाठी दोन नोकऱ्या करणारं घर साठ पिशव्या धुवून ठेवेल का? आमच्या आईने साडेपाच रुपयांसाठीही धुतल्याच, पण त्यामागे पैसा नव्हता. चांगली वस्तू फेकायची नाही, हे त्या पिढीच्या हाडीमाशी होतं. त्या सवयीवर राज्याची योजना आखता येत नाही.

आता हाच हिशोब कचरावेचक बाईच्या बाजूने करा. एका किलोत साधारण ३२० पिशव्या येतात. भंगाराच्या भावाने ३० रुपये, पुनर्खरेदीच्या भावाने १६०. तिच्यासाठी हा फरक प्रचंड आहे. म्हणजे ५० पैशांची खरी ओढ मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाला नव्हे, तर वेचकांना वाटली असती. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे आणि तिच्यातूनच उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेसोबत दारोदारचा कचरा उचलते. तिथल्या वेचकांना दुधाची पिशवी काळजीपूर्वक वेगळी काढायला कुणी शिकवावं लागत नाही. कोणत्या प्लास्टिकला काय भाव, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. पण नियमात त्यांना जागाच नव्हती. गिऱ्हाईक, दुकानदार, वितरक, डेअरी अशी साखळी कल्पिली होती. जी माणसं हे काम आधीपासून करत होती, ती त्या साखळीबाहेर. उलट योजना चालली असती तर त्यांच्या पोत्यातला एक चांगला माल दुकानदाराच्या गल्ल्याकडे वळला असता.

शिवाय ५० पैशांचं नाणं. रिझर्व्ह बँकेच्या लेखी ते अजून चलनात आहे; २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली, ५० पैसे नाही. पण बाजारात ते देऊन पाहा. दुकानदार तुमच्याकडे असं बघेल जणू तुम्ही शिवराई काढून दाखवलीत. एका पिशवीचे पैसे रोखीत देताच येत नाहीत. दोन पिशव्या आणा, रुपया घ्या, किंवा खात्यावर मांडा. खात्यावर मांडायचं म्हणजे दूधवाल्याच्या वहीत आणखी एक रकाना, आणि त्यावरून रोजची हुज्जत.

काउंटरपलीकडे

दूध विक्रेत्याच्या जागी उभं राहून बघावं. पहाटे साडेचारला माल उतरतो, आठपर्यंत लाईन टाकून व्हायला हवी. लिटरमागे सुटणारं कमिशन मोजक्या रुपयांचं. अशा माणसासमोर चारशे-पाचशे रिकाम्या पिशव्या आल्या तर? त्या मोजायच्या. त्यातल्या निम्म्या न विसळलेल्या. दुधाचा वास एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत काय होतो हे सांगायला नको. ठेवायला जागा हवी, माश्या आल्या की शेजारच्या दुकानदाराची तक्रार. बरं, परत द्यायच्या कुणाला? एकाच दुकानात चार-पाच ब्रँडचं दूध. गोकुळची पिशवी चितळ्यांच्या टेम्पोत घालायची नाही, आणि अमूलची वारणेच्या. प्रत्येकाचा हिशोब वेगळा.

मघाशी ज्या कॅरेटचं कौतुक केलं, ते इथे अडचणीचं ठरतं. उद्या ज्यात ताजं दूध येणार, त्याच कॅरेटात आज नासकट वासाच्या पिशव्या कोंबून पाठवायच्या, हे कोणत्याही डेअरीच्या स्वच्छतेच्या नियमात बसत नाही. म्हणजे गाडी परत जाते आहे, जागाही आहे, पण ती जागा वापरायला वेगळी बंद पोती हवीत, आणि डेअरीच्या फाटकाशी वेगळी उतरण. हा खर्च फार मोठा नाही. पण तो कुणाचा, हे नियमात नव्हतं. 'व्यवस्था उभी करावी' या तीन शब्दांत सगळं आलं होतं.

आणि पैशाचा उगम. २०१८ च्या अधिसूचनेत शब्द होता पुनर्खरेदी. म्हणजे ५० पैसे डेअरीने आपल्या खिशातून द्यायचे. पुढच्या वर्षी विधानसभेत मात्र बोललं गेलं ते अनामतीबद्दल: गिऱ्हाइकाने पिशवीमागे ५० पैसे जास्त द्यायचे आणि पिशवी परत केली की ते घ्यायचे. दोन्ही एकच वाटतात, पण दोघांचं अर्थशास्त्र वेगळं. पुनर्खरेदीत जितक्या कमी पिशव्या परत येतील तितका डेअरीचा फायदा. अनामतीतही न परतलेल्या पिशव्यांचे पैसे कुणाकडे तरी उरतातच. रोज एक कोटी पिशव्या म्हणजे रोज ५० लाख रुपये, वर्षाला १८० कोटींच्या वर. यातले निम्मे परत मागितले गेले नाहीत तर ९० कोटी कुणाचे? डेअरीचे, दुकानदाराचे, की नगरपालिकेच्या कचरा खात्याचे? ज्या देशांत अनामत चालते तिथे हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवतात. आपल्याकडे तो विचारल्याचंही मला दिसलेलं नाही.

दुधाचं राजकारण

दंड २३ जूनला सुरू झाले, आणि १६ जुलै २०१८ ला दूध उत्पादकांचं आंदोलन पेटलं. राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने शहरांचा दूधपुरवठा रोखला. मागणी होती लिटरमागे पाच रुपये अनुदानाची. रस्त्यावर टँकर ओतले गेले. चार दिवसांत तोडगा निघाला आणि उत्पादकाला लिटरमागे २५ रुपये देण्याचं ठरलं.

एकीकडे शेतकऱ्याला लिटरला २५ रुपये मिळवून देताना सरकारची दमछाक, आणि दुसरीकडे अर्ध्या लिटरच्या पिशवीवर ५० पैसे, म्हणजे लिटरला एक रुपया, गिऱ्हाइकाकडून वाढवून घ्यायचा. हा रुपया परत मिळणारा आहे, हे गिऱ्हाइकाला पटवायला वेळ लागला असता. पण 'दूध एक रुपयाने महागलं' ही बातमी व्हायला एक सकाळ पुरली असती. सहकारी दूध संघांत कोणत्या पक्षाची किती माणसं बसतात, हे महाराष्ट्राला सांगायला नको. माझ्या मते ५० पैशांची योजना त्याच महिन्यात आतून संपली. जून २०१९ मध्ये 'महिनाभरात अंमल' असं सभागृहात सांगितलं गेलं, तेव्हा निवडणूक चार महिन्यांवर होती. मग सत्ता बदलली, मग कोविड आला.

इतरांना कसं जमलं

अनामत आपल्या माणसांना जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी नीलगिरीकडे बघावं. तिथल्या जंगलात फुटलेल्या दारूच्या बाटल्यांनी हत्ती आणि इतर जनावरांचे पाय कापले जात. मद्रास उच्च न्यायालयाने लक्ष घातलं आणि मे २०२२ पासून तमिळनाडूच्या सरकारी दारू दुकानांनी त्या जिल्ह्यात बाटलीमागे १० रुपये जास्त घेऊन रिकामी बाटली परत आली की ते द्यायला सुरुवात केली. बहुतांश बाटल्या परत आल्या. पुढे ही पद्धत इतर जिल्ह्यांतही गेली. तिथे तीन गोष्टी जुळल्या होत्या: रक्कम वाकून बाटली उचलावी इतकी मोठी, विक्रेता एकच आणि तोही सरकारी, आणि बाटलीवर ओळखीचा स्टिकर. दुधाच्या पिशवीकडे यातलं एकही नव्हतं.

जर्मनीत शिकायला गेलेली आपली मुलं बाटल्या पिशवीत भरून सुपरमार्केटच्या यंत्रात टाकतात आणि २५ सेंट मिळाले की घरी फोटो पाठवतात. तिथे ही अनामत २००३ पासून आहे. पण प्लास्टिकच्या बाटलीतलं दूध त्यांनीही १ जानेवारी २०२४ पर्यंत वगळलेलं होतं. इतक्या शिस्तीच्या देशाला दुधापर्यंत पोचायला २१ वर्षं लागली, हे वाचून मला जरा बरं वाटलं. शेजारच्या गोव्यानेही २०२४ मध्ये अनामत परताव्याची योजना अधिसूचित केली.

आणि लांब जायला नको. मुंबईत आरेच्या केंद्रावर काचेच्या बाटलीत दूध मिळायचं. रिकामी, धुतलेली बाटली दिल्याशिवाय भरलेली हातात येत नसे. पहाटे रांगेत उभ्या असलेल्या पोरांच्या पिशवीतून बाटल्या किणकिणायच्या. बाटली धुण्याची सवय आधीच्या पिढीला कुणा पर्यावरणवाद्याने लावली नव्हती. बाटली नाही तर चहा नाही, इतकी सरळ गोष्ट होती. पिशवी आली तसा तो व्यवहार संपला. पिशवी हलकी, न फुटणारी, धुवायची गरज नसलेली, म्हणून सगळ्यांना आवडली, आणि तिच्या रिकाम्या अर्ध्या आयुष्याची जबाबदारी त्या सोयीत हरवली.

आता काय चाललंय

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे नियम बसवले. बाजारात जितकं प्लास्टिक आणलं त्याच्या ठराविक हिश्श्याची विल्हेवाट लागल्याचं प्रमाणपत्र कंपनीने दाखवायचं; २०२१-२२ ला २५ टक्के, पुढच्या वर्षी ७०, २०२३-२४ पासून १००. दुधाची पिशवी लवचिक प्लास्टिकच्या गटात मोडते. कागदावर हे ५० पैशांपेक्षा खूप नेटकं आहे, कारण पैसा कुठून येणार हे ठरलेलं आहे. पण कंपनीला आपलीच पिशवी परत आणावी लागत नाही; त्याच गटातलं दुसऱ्या कुणाचं प्लास्टिक गोळा झाल्याचं प्रमाणपत्र विकत घेतलं तरी भागतं. गिऱ्हाइकाचा आणि पिशवीचा संबंध त्यामुळे पुरताच तुटला. १ जुलै २०२२ ची देशभराची एकदाच वापरायच्या वस्तूंवरची बंदी, किंवा १२० मायक्रॉनखालच्या कॅरीबॅगवरची बंदी, यांचाही दुधाच्या पिशवीशी संबंध येत नाही.

सोसायटीच्या पातळीवर मात्र हे काम होतं, आणि ५० पैशांशिवाय होतं. पिशव्या मोजायच्या नाहीत, वजनाने घ्यायच्या. जिन्याखाली एक वेगळं पोतं, महिन्यातून एकदा वेचक ताईंच्या हवाली. पैसे त्यांचेच. मोजदाद, सुटे पैसे, ब्रँडची वर्गवारी हे सगळं एका झटक्यात जातं. अट एकच, पिशवी विसळलेली हवी. न विसळलेली एक पिशवी अख्ख्या पोत्याचा वास बदलते.

दुसरं काम कात्रीचं. आपण पिशवीचा कोपरा छाटतो आणि तो तुकडा ओट्यावरून थेट मोरीत किंवा ओल्या कचऱ्यात जातो. दोन सेंटिमीटरचा त्रिकोण धरला तर दोन्ही थर मिळून ५० मायक्रॉनच्या फिल्मचे जेमतेम १८ मिलिग्रॅम भरतात. एक कोटी पिशव्यांचे कोपरे छाटले गेले तर रोज १८० किलोंच्या वर. हा तुकडा कुठलाच वेचक उचलत नाही, उचलूच शकत नाही. आई कोपरा कधी छाटायची नाही. कडेला अर्ध्यापर्यंत चीर द्यायची, धार पातेल्यात सोडायची, आणि लोंबता कोपरा पिशवीसकट फरशीवर थापायची.